सायलीचा ताबा

निघोज्यातल्या युवक मंडळाची सहल लोहगडाला निघाली, तेव्हा पालकांच्या संमतीपत्राचा मजकूर सुजितने लिहिला. कंपनीतली शिफ्ट सांभाळून मंडळ चालवणारा हा लातूरचा माणूस गोड बोलून कुणाचीही सही मिळवायचा. पण सायलीचे वडील यशवंतराव पहिल्याच ओळीला अडले.

"'माझी हरकत नाही' म्हंजी? कंपनीवाल्यांना असंच लिहून दिलं आन् वडाखालचं रान हातचं गेलं."

सुजितने 'परवानगी देत आहे' असं केलं.

"देत आहे? कायमची?"

"तात्पुरती लिहितो, काका."

"तात्पुरता म्हनूनच शेतातनं रस्ता काढला व्हता. आजून हाय."

सायली चिडली. "आबा, मी काय प्लॉट आहे का?"

"प्लॉट परवडला. त्याची मोजणी तरी व्हती."

शेवटी यशवंतरावांनीच मजकूर सांगितला आणि सुजितने निमूट लिहून घेतला: सदर मुलगी एक दिवसापुरती, मालकी हक्क अबाधित ठेवून, दोन साक्षीदारांसमक्ष मंडळाच्या ताब्यात देत असून सायंकाळी आहे त्या स्थितीत परत घेण्यात येईल. मग त्यांनी झोकात सही ठोकली.

गावाला हा मजकूर इतका पटला, की सगळ्याच पालकांनी तोच मागितला. रविवारी सुजित आला, तर बस साक्षीदारांनीच भरलेली.

"ताबा परत देताना आमी नको व्हय?" त्यातला एक म्हणाला.

पोरांना टेम्पोतून जावं लागलं. संध्याकाळी ती गडाच्या पायथ्याशी ताटकळत बसली होती, कारण साक्षीदार अजून खाली उतरले नव्हते.