नाकवाले चाचा

चाचांशी खोटं बोलायचं तर आधी आंघोळ करून यावं लागायचं. एकदा मी वर्कशॉपला उशिरा पोचलो अन् थाप मारली, बायकोला दवाखान्यात नेलतं म्हनून. चाचांनी मान वर केली न्हाई. हातातलं लाकूड घासत घासत म्हनले, "क्या रे बाल्या, तुझ्या बायकोच्या दवाखान्यात मिरचीची भजी तळतेत का?" मी लगेच सांगून टाकलं की दोन प्लेट खाल्ल्या. चाचा म्हनले, "तीन." तीनच होत्या.

आमच्या लोहा गावात त्यांना समदे नाकवाले चाचा म्हनायचे. मशिनीची मोटर जळायच्या आधी त्यांना कळायचं. कुनी पिशवीत काय आनलं, ते दारातच कळायचं. मानूस आत आला की चाचा एकदा हुंगायचे अन् मंग सलाम करायचे. नाक माझंबी मोठं हाय, पन ते नुसतं शिंकायच्या कामाचं.

हे नाक त्यांना कल्हईनं दिलं. बापाचा कल्हईचा धंदा. आठवडी बाजारात झाडाखाली भाता मांडायचा, तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची अन् कथिल फिरवायचं. पूड पडली की पांढरा धूर उठतो. घशात सुया गेल्यावानी होतं. चाचांचं लहानपन त्या धुरात भाता मारन्यात गेलं. म्हनून नाक तयार झालं अन् छाती गेली. जिना चढले की छातीत शिट्टी वाजायची. नांदेडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं, "जेवढं राहिलंय तेवढं जपा. आता एकदा का असला धूर लागला तर माझ्या हातात काही नाही." चाचा ही गोष्ट हसत सांगायचे. "नाक पूरा है बाल्या, फेफडा आधा है." मी बी हसायचो. हसायला माझं काय जात होतं?

चाचा तरुनपनी आयटीआय करून हैद्राबादला गेले, कारखान्यात कॉम्प्युटरवर चालनाऱ्या मशिनी चालवल्या. रिटायर होऊन गावाकडं आले अन् त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. असल्या मशिनी इथल्या मानसांच्या हातात पायजेत. कोन कोन सायबांच्या दारात बसले ते अल्लाला ठाऊक. शेवटी एका संस्थेनं मशिनी द्यायचं कबूल केलं. धान्याच्या मोंढ्यामागं एक जुनं गोदाम भेटलं. उजेडानं कापायची लेसर मशिन आली, लाकूड कोरायची आली, प्लास्टिकचा धागा वितळवून वस्तू उभी करनारी दोन खोकी आली. गावानं लगेच नाव ठेवलं, चाचाचा छापखाना.

माझा प्रवेश असा की ते लेसर मशिन मी टेंपोत आडवं घालून आनलं. उभं राहत न्हवतं, म्हनून झोपवलं. खोक्यावर काढलेला बान आभाळाकडं पायजे, हे मला कोन सांगनार? चौथीत तीनदा बसलो तवा मास्तरच म्हनले, आता घरी जा. चाचांनी मशिन उघडून पायलं. आतले दोन आरसे फुटले होते. मी पळायच्या तयारीत. चाचा म्हनले, "पळू नको. ज्यानं झोपवलं त्यानंच उठवायचं." आठ दिवस मला संगं बसवून ते मशिन दुरुस्त केलं. मंग मी तिथंच राहिलो. झाडलोट माझी, चहा माझा, अन् चाचा जाग्यावर नसले की इंजिनेर बी मीच.

त्या छापखान्याचा एकच कायदा होता. काम कुनी करून द्यायचं न्हाई, ज्याचं त्यानं करायचं. अन् जो शिकला त्यानं पुढच्या एकाला शिकवायचं, तवाच आपली वस्तू घरी न्यायची. पेरनीच्या घाईत एक शेतकरी यायचा, पेरनी यंत्रातली सोयाबीन सोडनारी चकती फुटलेली. कंपनीची चकती यायला पंधरा दिवस. चाचा म्हनायचे, "बसा पाटील. मोजा किती भोकं हायत." पाटील चिडायचे, "चाचा, मी पेरू का शाळा शिकू?" संध्याकाळी तेच पाटील नवी चकती मांडीवर ठेवून दुसऱ्या गावच्या पाटलाला भोकं मोजायला शिकवत बसलेले असायचे. मला शिकवायला भेटल्या गंगाबाई. केस पांढरे, बचत गटाच्या, पिशव्यांवर नक्षी कापायची होती त्यांना. तिसऱ्या दिवशी त्याच मला म्हनल्या, "बाला, सरक तिकडं. तुझ्यानं न्हाई होत."

आता तारेचं सांगतो. कापायला प्लास्टिकची नवी शीट कुनीबी आनो, चाचा आधी तिच्याकडं संशयानं बघायचे. तांब्याची तार गॅसच्या जाळात लाल करायची, शीटच्या कोपऱ्याला टेकवायची, परत जाळात धरायची. जाळ पिवळा राहिला तर चांगली. हिरवा झाला तर शीट बाहेर. "दिसायला दोन्ही पांढऱ्या," चाचा सांगायचे, "पन हिरवी वाली लेसरखाली गेली की जहर सोडते. मेरे बाप के नवसागर का बाप." पयल्यांदा हिरवा जाळ पायला तवा मला वाटलं चाचा मूठबिठ मारतेत. दोन दिवस मी खिशात लिंबू ठेवून फिरलो. चाचांना पयल्याच मिनिटाला वास आला. म्हनले, "सरबत कर."

खंडेनवमीला वर्कशॉपमदी पूजा असायची. चाचांनीच सुरू केलेली. "आमच्या बापाचा भाता बी आज बंद असायचा," ते म्हनायचे, "हत्याराला एक दिवस नींद होना." झेंडूची फुलं मी आनायचो, ऊद ते आनायचे. समदी हत्यारं चौरंगावर मांडायची. पक्कड, करवती, स्क्रू डायवर, गॅसची शेगडी, अन् ती तांब्याची तारबी. हळदीकुंकू लावलं की दुसऱ्या दिवसापतूर कशाला हात लावायचा न्हाई. लेसर मशिन चौरंगावर कुठं मावनार? त्याच्या झाकनावर नुसतं स्वस्तिक काढून हार घातला.

त्या वर्षी दिवा सारखा विझत होता. मशिनीचा धूर बाहेर फेकनारा मोठा पंखा बारीक फिरत होता, त्याचं वारं लागायचं. मी पंख्याचं बटन बंद केलं. शटर अर्धं खाली ओढलं. उदाचा धूर गोदामात भरून राहिला. चाचा एकदा खोकले अन् म्हनले, "मैं जरा घर जाके पडता. आज मशिनला सुट्टी, माझ्या फेफड्याला बी सुट्टी." गंगाबाई मागच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. त्या खोलीचं दार लेसर मशिनीच्या पलीकडं.

तेवढ्यात चाकूरहून एक जन आला. कापडाचं नवं दुकान, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उघडायचं, अन् पाटीची अक्षरं करनारा ऐनवेळी पळाला म्हने. शीट लातूरहून स्वतःच घेऊन आलेला. मी म्हनलं, आज मशिन बंद हाय, खंडेनवमी. तो हात जोडून म्हनला, "इंजिनेर साहेब, तुमी मनात आनलं तर काय न्हाई होनार?"

साहेब. मला. माझा सख्खा मुलगा मला ए म्हनतो.

तारेची आठवन झाली मला, खोटं कायला बोलू? पन तार चौरंगावर, हळदीकुंकू लावलेली. पूजेतली तार उचलायची म्हंजे पाप. अन् हार घातलेलं मशिन चालवलं तर? त्याचं काय न्हाई, ते कुठं चौरंगावर हाय! एवढी अक्कल मी त्या दिवशी चालवली. हार बाजूला केला, शीट आत सरकवली, बटन दाबलं.

पयलं अक्षर निघालं. कडा काळ्या आल्या. डोळ्यात पानी आलं, मी म्हनलं ऊद हाय. दुसरं निघालं. घसा खवखवला, चाकूरवाला खोकून म्हनला, "साहेब, ऊद लई कडक दिसतो तुमचा." मी म्हनलं, "हैद्राबादी हाय."

चाचांचं घर रस्त्याच्या पलीकडं. त्यांना मी कधी पळताना पायलं न्हवतं, त्या दिवशी पायलं. शटरखालून वाकून आत आले अन् एकच ओरडले, "बाहर!" मला असं ढकललं की मी पायरीवरून रस्त्यात. चाकूरवाला माझ्या आधीच रस्त्यात होता. मशिनीचा आवाज बंद झाला. मी ओरडलो, "चाचा, या की आता!" आतून आवाज आला, "गंगाबाई किधर है?"

मी सांगितलं, मागं हायत. तोंडानं सांगितलं. पाय जाग्यावरच होते.

चाचा त्या धुरातून मागं गेले. बाहेर उभा राहून मी आतली शिट्टी ऐकत होतो. मशिनीची न्हवं, चाचांच्या छातीची. मंग गंगाबाई आल्या, तोंडावर ओला रुमाल, तो चाचांचा होता. त्यांच्या मागून चाचा आले, तोंड उघडंच. पायरीवर बसले. थोड्या वेळानं म्हनले, "चहा सांग."

मी खुश झालो. मला वाटलं, वाचलो. चहा पिताना चाचांनी कप नाकाजवळ नेला, खाली घेतला, परत नेला. मंग माझ्याकडं बघून शांतपनानं म्हनले, "आज कुछ नहीं होता बाल्या. ये जहर कल बताता है."

दुसऱ्या दिवशी गाव सोनं वाटून राहिलं होतं अन् आम्ही चाचांना गाडीत घालून नांदेडला नेत होतो. ओठ निळे पडलेले. डॉक्टर तोच, फोटो उजेडावर धरनारा. या वेळेला फोटो बघून त्यानं तो परत पाकिटात घातला. मी म्हनलं, "साहेब, बोला की कायतरी." तो म्हनला, "तुम्ही कोण त्यांचे?"

चौथ्या दिवशी दवाखान्यात संस्थेची दोन मानसं आली. मशिनी त्यांच्या, कायदा त्यांचा. चाचांशिवाय दुसऱ्या कुनी एकट्यानं लेसर चालवलं असलं तर समदं उचलून नेनार होते. त्यांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, मशिन कोनी चालवलं? मी भिंतीला टेकून उभा. चाचांनी तोंडावरची नळी बाजूला केली. दर शब्दाला थांबत म्हनले, "मीच. बुढापा हाय साहेब. तार लावायची भुललो." त्यांनी कागदावर लिहून घेतलं. चाचांनी अंगठ्याला शाई लावून न घेता सही केली, इंग्रजीत, झोकात.

मी तोंड उघडलं न्हाई. वर्कशॉप वाचावं म्हनून गप बसलो, असं मी मला लई वर्षं सांगून राहिलो. खरं म्हंजे मी भ्यालो होतो.

चाचा घरी आले ते हवेच्या मशिनीला बांधलेले. नाक गेलं होतं. फिनेल अन् गुळाचा चहा त्यांना एकच. मी रोज जायचो. ते विचारायचे, "आज कोन आलतं?" मी नकला करून दाखवायचो, पाटलाची, गंगाबाईची, जास्ती माझी. ते हसायचे अन् हसताना दम लागायचा, म्हनून मी नकला कमी केल्या. एकदा मी म्हनलं, "चाचा, मी जाऊन सांगतो त्यांना. मीच केलं म्हनून." चाचांनी नळी बाजूला सरकवली. "अब्बी नक्को. जब तू सिखाने को लायक होगा, तब बोल."

पुढच्या पेरनीच्या आत चाचा गेले. मय्यतीला अर्धं लोहा होतं. मानसं एकमेकाला सांगत होती, एवढा जानता मानूस, पन म्हातारपनी चूक झाली. मीबी मान हलवली.

आज वर्कशॉप चालू हाय. लेसर मीच शिकवतो. नवीन पोरं आली की पयला धडा तारेचा, अन् तारेच्या धड्यात चाचांची चूक सांगायची, अशी पद्धतच पडली. एवढे मोठे चाचा, त्यांच्याकडून बी राहिलं, तर तुमची काय कथा? हे मी माझ्या तोंडानं किती पोरांना सांगितलं, त्याचा हिशेब न्हाई.

परवा धर्माबादची एक पोरगी आलती शिकायला. तार हातात धरून मला म्हनली, "काका, ज्यांनी हा नेम केला तेच कसे विसरले? मला न्हाई पटत."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ते न्हाई विसरले. मी कापली ती शीट. चाचांना मी मारलं."

समदी पोरं हसली. एक जन म्हनला, "काकांचं काय, उद्या म्हनतील रेल्वे बी मीच पाडली." मला कुठं थांबायचं ते कधीच कळलं न्हाई. मीबी हसलो.

मागच्या खोलीतून गंगाबाईंचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्यांनी या गोष्टीबद्दल एक शब्द काढला न्हवता.

"बाला," त्या म्हनल्या, "आता एकदा न हसता सांग."

म्हनून सांगून राहिलो.