पडवीतली शिकवणी

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. आमचं घर नाशकात, तांबट आळीत. दिवसभर हातोड्यांची ठोकठोक, त्यामुळे आळीतली माणसं घरातही ओरडूनच बोलत. मी तर मुळातच तिखट. चौथीनंतर वडिलांनी शाळेतून काढलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली, मुकाट्याने जेवले. कोणावर काही परिणाम झाला नाही.

परिणाम घडवला तो बाईंनी. बाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. नवऱ्याने टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, म्हणजे आळीला चघळायला आयताच विषय. दुपारी घाटाजवळच्या एका देवळाच्या ओवरीत त्या शाळा सुटलेल्या मुलींना जमवत आणि त्यांच्याकडून फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, परीक्षेची तयारी करून घेत. घरोघर जाऊन, उंबऱ्यात बसून त्यांनी एकेक मुलगी मागून आणली होती. माझ्या वडिलांनी अट घातली, "फायनल पास झाली तर पुढं मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाडू. नापास झाली तर वणीचं स्थळ आलंय, ते मी हातचं घालवणार नाही."

परीक्षेला तीनेक महिने होते आणि मला पहिल्यांदा कावळा शिवला. आईने मागच्या पडवीत तरट टाकून दिलं, एक तांब्या ठेवला आणि लांबूनच बजावलं, "चार दिवस कशाला शिवायचं नाही. पुस्तकालाही नाही, ती सरस्वती आहे." मुलगी मोठी झाली की आमच्यात वर्षाच्या आत लग्न उरकत. संपलं सगळं, असं धरून मी रडत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. बाई! मी न आल्याचं कारण ओवरीतल्या मुलींनी त्यांना सांगितलं होतं. मी ओरडले, "बाई, शिवू नका!" त्या सरळ माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि अंकगणिताचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"वेडी का काय तू? चार दिवस तुला कोणी पाणी भर म्हणणार नाही, भांडी घास म्हणणार नाही. बाईमाणसाला एवढी सुट्टी दुसरी कुठे मिळते? काढ त्रैराशिकं."

तासाभराने त्या उठल्या आणि थेट गोदावरीवर गेल्या. पौषातल्या थंडीत लुगड्यासकट बुडी मारली आणि मगच ओवरीत बाकीच्या मुलींकडे गेल्या. मी बाहेर होते तोवर रोज हेच चाललं. शेवटी आईला राहवेना.

"बाई, लांबून शिकवलं असतंत तरी चाललं असतं की."

"रडणाऱ्या पोरीला लांबून कसं गप्प करू?"

"आणि आंघोळ? तुम्ही तर हे मानत नाही म्हणतात."

"मी नाही मानत. पण माझ्याकडे मुली पाठवणाऱ्या आया मानतात. उद्या त्यांनी मुली काढून घेतल्या तर मी शिकवू कोणाला?"

मी थक्क होऊन ऐकत होते. माझी त्रैराशिकं सुटावीत म्हणून एक मोठं माणूस रोज गार पाण्यात उतरतं, हे मला झेपेचना. मी एवढ्या मोलाची आहे असं तोवर कोणी मला भासवलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याची थोडी भीतीच वाटली. त्या भीतीपोटी मी असा काही अभ्यास केला की पुढे कधी तसा जमला नाही.

आणि नेमकं परीक्षेच्या दिवशी सकाळी, नको तेच झालं. लपवावं असं क्षणभर मनात आलं, पण आईशी खोटं बोलण्याइतका माझा तिखटपणा पक्का नव्हता. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. दारातूनच सांगितलं. तिचे हात परातीत तसेच थांबले. पुढच्या खोलीत वडील पूजेला बसलेले. आता ही पडवीकडे बोट दाखवणार म्हणून मी मागे वळले.

"पेपर किती वाजता?" आईने हळूच विचारलं.

"अकराला."

तिने हात धुतले, मला पुढ्यात बसवलं, केस विंचरून घट्ट वेणी घातली. तेवढं झाल्यावर त्याच हातांनी पुन्हा चुलीपुढे बसली, दोन भाकऱ्या थापल्या, एक माझ्या फडक्यात बांधली. दुसरी वडिलांच्या ताटात गेली. ते चवीने जेवले.

परीक्षा झाल्यावर ओवरीत मी बाईंना हे सांगितलं. पेपर कसा गेला हे विचारायचं त्या विसरूनच गेल्या. त्यांनी नदीकडे पाहिलं.

"मी रोज आंघोळ करून येत होते गं," त्या म्हणाल्या. "तिने केलीच नाही?"

"नाही," मी म्हटलं.