काचेच्या पेटीतलं पाणी

मामंजींचे गुडघे गेले, होडीवर जाणं सुटलं, त्याच वर्षी घरात काचेची पेटी आली. किनाऱ्याजवळच्या एका बंगल्यातले लोक कायमचे मुंबईला निघाले, तेव्हा तिथल्या माळ्याने ती मामंजींना दिली. बंगलेवाले तिच्यात गोड्या पाण्यातले लाल मासे ठेवत. मामंजी म्हणाले, "आपुन खाऱ्या पान्यातला ठेवू."

ओहोटीला खडकांत जी डबकी राहतात, त्यांतून त्यांनी एक पिल्लू धरून आणलं. रुपयाएवढं, चपटं, पांढुरक्या अंगावर काळे उभे पट्टे. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे बारीक काटा होता, तो अंगठ्याला लागून रक्त आलं. खायच्या कामाचा नाही म्हणून आमच्यात त्या माशाला कोणी नावही दिलं नव्हतं. मामंजी त्याला पट्टेवाला म्हणू लागले. कचेरीतल्या शिपायासारखा तो दिवसभर इकडून तिकडे फिरायचा.

सासूबाई फणकारल्या, "पन्नास वर्सं मासं मारली, आन आता एकाला पोसताय व्हय?"

"एकाला तरी पोसू दे गो," मामंजी म्हणाले.

पहिले आठ दिवस त्यांनी त्याला जवळा घातला, कोलंबीचे तुकडे घातले. आमच्या जाळ्यात येणारे मासे हेच खाणारे. पट्टेवाला तोंड लावीना. पाण्याला मात्र वास यायला लागला. मग एका ओहोटीला मामंजी काठी टेकत खडकावर गेले आणि त्या डबक्यापाशी सकाळभर बसून राहिले. परतले ते शेवाळ धरलेले दोन दगड घेऊन. पेटीत दगड ठेवल्या ठेवल्या पट्टेवाला त्यावर बकरीसारखा चरायला लागला. तेव्हापासून शेवाळाचे दगड आणि समुद्राचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. मामंजी दिवसातून चार वेळा पेटीतलंच पाणी लोट्याने उचलून उंचावरून धार सोडत. लाट नसली की पाणी मरतं, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा नवी सून होते. मामंजींपुढे पदर घ्यायचा, त्यांच्याशी बोलायचं नाही, काही सांगायचं तर सासूबाईंच्या तोंडून. मला ते सोयीचंच होतं. मला माहेरीही कोणापुढे बोलता येत नसे.

चैत्र लागला तसं पेटीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं. जेवढं उतरे तेवढं मी समुद्राच्या पाण्याने भरत असे. वैशाखात पट्टेवाला फिरायचा थांबला. कोपऱ्यात उभा राहून भराभरा तोंड उघडमीट करी. पट्टे फिके पडले. हिरव्यागार दगडाकडे तो बघेना. मामंजींचंही जेवण कमी झालं.

माझा बाप उरणकडे मिठागरात कामाला. आम्हीही कोळीच, पण आमची होडी नव्हती. मिठागरात समुद्राचं पाणी घेतात, ऊन पाणी नेतं, मीठ मागे राहतं. पुन्हा पाणी घेतात. हे मी लहानपणापासून बघितलेलं. एके दिवशी पेटी पुसताना काचेच्या कडेला पांढरी रेघ दिसली. बोट लावून चाखली, तर मीठ. मग पाणी चाखलं. जीभ आखडली. मी रोज हंडा ओतून घरात मिठागर चालवत होते.

संध्याकाळी मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आत्याबाई, पेटीत विहिरीचं पानी घालाया हवं."

त्या मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलं का? मिठागरवाली सांगते, त्याला गोडं पानी पाजा!"

मामंजी रागावले नाहीत. सासूबाईंनाच म्हणाले, "पावसात खाडीला पूर आला की मासं उलटी पडतात, ठाव न्हाय तिला? गोडं पानी म्हंजे इख. जा म्हनावं, एक हंडा अजून आन."

मी आणला आणि माझ्याच हाताने ओतला.

सकाळी पट्टेवाला कुशीवर कलला होता. सासूबाई टोपली घेऊन बाजाराला गेलेल्या. मामंजी पेटीपुढे बसले होते, चहा निवला होता. "गेला हा," ते स्वतःशीच म्हणाले.

ज्यांच्या तोंडून बोलायचं त्या घरात नव्हत्या. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत समुद्राच्या हंड्यातलं पाणी, दुसरीत पेटीतलं. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. काय काय सांगायचं ठरवलं होतं.

"चाखा," एवढंच निघालं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका वाटीत बोट बुडवलं, मग दुसरीत. थुंकले. पहिली वाटी पुन्हा चाखली.

"सारा जन्म या पान्यावर काढला," ते हळू म्हणाले, "आन घरातलं चाखलं न्हाय." मग थेट मला विचारलं, "किती घालायचं, तुला कळतं?"

"येकदम न्हाय. सकाळी येक लोटा, दुपारी येक."

"आन मेला तं?"

"मेला तं मी मारला म्हना."

त्यांनी विहिरीच्या पाण्याचा लोटा उचलला, पेटीवर नेला आणि तसाच धरून राहिले. शेवटी माझ्याकडे दिला. "तूच वत. माझा हात व्हत न्हाय."

मी काचेच्या कडेने बारीक धार सोडली. तीन दिवस असं चाललं. रोज पाणी चाखायचं, मग ओतायचं. सासूबाई बाजारातून आल्या की टोपली उतरवायच्या आधी विचारत, "हाय का गेला?" तिसऱ्या दिवशी तो सरळ उभा राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दगडावरच्या शेवाळात बोटभर जागा कुरतडलेली दिसली. मामंजींनी हाक मारली तशा सासूबाई वाकून बघायला आल्या.

"आला शिपाई कामावर," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला गेल्या.

पुढे आटलेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं असं ठरलं. महिन्यातून दोनदा निम्मं पाणी काढून समुद्राचं ताजं घालायचं. पावसाळ्यात हवा ओली झाली, पेटीतलं पाणी उतरेनासं झालं. एका सकाळी मामंजी सवयीने विहिरीच्या पाण्याचा लोटा भरून पेटीपाशी आले. सासूबाई चुलीपुढे होत्या, शेजारीण ओटीवर बसली होती.

"आज नको, मामंजी," मी म्हणाले. "पानी उतरलंच न्हाय."

शेजारीण बघतच राहिली. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मामंजींनी लोटा खाली ठेवला.

"मग कधी घालू?"

"सांगीन मी," मी म्हणाले.