गार करायचे वेगळे

हे किस्से मला नीट आठवतात, की सांगून सांगून तसे झालेत, याची आता खात्री नाही. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याची तक्रार आली, की दुकानात शिरायचं, तपासायचं, माल जप्त करायचा, एवढे अधिकार! त्या नोकरीत किस्से आपोआप साठत जातात. ऐकायला मात्र हल्ली घरात कोणी नाही.

*

तक्रार खरी की खोटी हे पाहायला आम्ही आधी साधं गिऱ्हाईक बनून खरेदी करायचो. पहिल्याच वेळी दिंडोरीत मी शर्ट बाहेर काढला, केस विस्कटले आणि साबण मागितला.

दुकानदार म्हणाला, “देतो की! फक्त साहेब, तुमची जीप जरा पुढं घ्यायला सांगा. गिऱ्हाईक अडतंय!”

*

पुढच्या वेळी आमचे शिपाई भिकाभाऊ यांना पाठवलं. दुकानदार मागेल ते पैसे द्यायचे आणि पावती आणायची, एवढंच काम. भिकाभाऊ हसत परत आले.

“साहेब, लय चांगला माणूस! मी घासाघीस केली, छापील भावापेक्षा कमीत दिलं!”

तक्रार तिथेच मेली.

*

एक बाई ऑफिसात कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. “काल निम्म्या भावात होती. करा कारवाई!”

सुट्या भाजीवर किंमत छापलेली नसते, तिथे आमचा अधिकार चालत नाही, असं मी समजावलं. टेबलावरच्या पाटीवर माझी पीएच.डी. लिहिलेली होती. ती वाचून त्या म्हणाल्या, “मग एवढं शिकलात कशाला?”



*

हिला भाव करण्यात भारी आनंद. पण मी सोबत दिसलो, की भाजीवाले म्हणायचे, “वहिनी, द्या काय द्यायचं ते!”

ही वैतागायची. “तुम्ही पलीकडे उभे राहा बरं!”

मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचो.

*

मी निवृत्त झालो, मग ही गेली. तरी मी दुकानात शिरलो की गप्पा थांबायच्या. कोणीतरी आपल्याशी चारचौघांसारखं वागावं, एवढंच वाटायचं.

एकदा बसस्टँडजवळ यमुनाबाईंच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली.

“बाबा, दोन रुपये वर द्या. गार करायचे वेगळे!”

हा सरळसरळ गुन्हा. पण मला इतका आनंद झाला! या बाईला मी कोण ते माहीतच नाही!

“बसा की. उन्हात कुठं पळताय?”

मग रोज जायला लागलो. त्यांचे गुडघे, सून, कळवणचं माहेर, सगळं ऐकायचो. मी कोण होतो ते कधी सांगितलं नाही. कळलं तर बोलणं बंद होईल, ही धास्ती. अशी बरीच वर्षं गेली.

यमुनाबाई वारल्यावर सून टपरीवर बसू लागली. मी बाटली घेतली, नेहमीसारखे दोन रुपये वर ठेवले. तिने ते परत केले.

“गार करायचे,” मी म्हणालो.

“आम्ही कोणाकडून घेत नाय, साहेब. सासूबाई फक्त तुमच्याकडून घ्यायच्या. म्हणायच्या, साहेबांना तेवढंच बरं वाटतं.”

मला पटेना. सवयीप्रमाणे चौकशी केली. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना एकेक करून विचारलं. त्यांच्यापैकी कोणीही कधी वरचे दोन रुपये दिले नव्हते.