बाबांना कुशीवर वळवणारी मुलगी

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात खिडकीलगतच्या टेबलावर वहिनी बसत. माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळेच त्यांना वहिनी म्हणत. विद्यापीठाच्या अर्जासोबत मुलांना स्वतःबद्दल दोन पानं द्यावी लागतात, ती त्या लिहून देत. मला चार ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं तरी घाम फुटतो, त्यामुळे मला त्यांचं भारी अप्रूप.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आईबापांना बाहेर पिटाळायचं, मुलाला समोर बसवायचं आणि विचारायचं, "तुला कधी कशाने रडू आलं?" उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

दोन वर्षांपूर्वी एका बिल्डरची मुलगी आली. तिला फिजिओथेरपीच्या कोर्सला जायचं होतं.

"काकू, रडण्यासारखं मला काही झालंच नाही."

"भाग्यवान आहेस. पण भाग्यवानांना तिथे कोण विचारतंय?" असं म्हणून वहिनी टाइप करायला लागल्या.

वहिनींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करताना पडले आणि सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची लेक शाळेत जाण्याआधी त्यांना कुशीवर वळवायची. चादर कुठे धरायची, गुडघा कुठे टेकवायचा, हे ती तिची तीच शिकली. ते म्हणायचे, "हळू गं, मी काय पोतं आहे?"

हे सगळं वहिनींनी त्या मुलीच्या पानांत घातलं. बाबांचे आजोबा झाले, एवढाच फरक. प्रिंट मीच काढली.

"वहिनी, हे तर तुमच्या घरातलं."

"असू द्या हो भाऊजी. घरात पडून कुणाच्या कामाचं?"

मुलीला प्रवेश मिळाला.

यंदा वहिनींच्या लेकीने तिथेच अर्ज केला. पानं स्वतः लिहिली, आईला दाखवलीही नाहीत. विद्यापीठाचं उत्तर आलं: ही हकीकत पूर्वी दुसऱ्या विद्यार्थिनीने दिलेली आहे, सबब अर्ज बाद. आक्षेप असल्यास घराबाहेरच्या माहीतगार माणसाचं सहीचं पत्र सात दिवसांत पाठवावं.

लेक दुकानात आली. कागद तिने टेबलावर आपटला.

"आई, माझे बाबा तू कुणाला दिलेस?"

"मला विचारलं असतंस तर तुला दुसरं काही लिहून दिलं असतं गं."

"दुसरं माझ्याकडे होतं काय?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तेव्हा वाचलं होतंत. मी माझी चूक कबूल करते, तुम्ही फक्त खरं ते लिहा."

मी म्हणालो, "बघतो."

दुकानाचा गाळा त्याच बिल्डरचा. भाड्याचा करार त्याच महिन्यात संपत होता. तीन वेळा कागद घेतला. एकदा तर सहीपर्यंत आलो, मग वाटलं, आपलं कोण ऐकणार, शब्दही धड नाहीत. सात दिवस असेच काढले.

आठव्या दिवशी वहिनी आपली खुर्ची न्यायला आल्या. मी खिशातला कागद काढायला लागलो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लिहायची सवय नाही."

लेक आता नाक्यावरच्या दवाखान्यात नंबर लावून देते. माझी पाठ धरते तेव्हा मी दोन बस बदलून लांबच्या डॉक्टरकडे जातो. गाळा अजून माझ्याकडेच आहे.