जिथं शेळ्या मोजत नाहीत

आमच्या शहराच्या माना विमानतळावर धुकं होतं. विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. मुंबईत चार तास थांबून पुढं नैरोबीपर्यंत सहा तास. माझ्या निवृत्तीनिमित्त आमच्या मुलानं, नितीननं, ही आफ्रिकेची सहल ठरवून दिली होती. "बाबा, घूम आओ, घर में बैठके क्या करोगे," असं तो म्हणाला. मी पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम केलेला माणूस, म्हणून खिशात वही घेतली. ती पाहून बायको, सुलभा, म्हणाली, "तिकडेई वही घेऊन चालले काय? सिंह का सही करून देईन तुमाले?"

नैरोबीहून मसाई माराचं जंगल सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. आमचा जीपवाला लेमायान स्वतः मसाई, वय चाळिशीचं, इंग्रजी साधं आणि स्पष्ट. घाट उतरल्यावर जमीन सपाट झाली. त्या वर्षी तिथं पाऊस कमी पडला होता. गवत राखी रंगाचं, आभाळही तसंच. वाटेत नारोक गावी जेवायला थांबलो. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि सुकुमा नावाची हिरवी भाजी. भाजी आपल्याकडच्या चेच या पालेभाजीपेक्षा जाड पानाची, पण लसूण असता तर चालली असती.

"मुलं किती?" लेमायाननं जेवताना विचारलं.

"एक," मी म्हणालो.

 सुलभानं उरलेली उगाली तशीच ठेवली.

आम्हाला मुलं दोन. थोरली अश्विनी. सहा वर्षांपूर्वी तिनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं. मी गेलो नाही, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं मी सांगितलं. कुणी विचारलं की मी एक म्हणतो. आमच्या समता कॉलनीतल्या शेजाऱ्यांना हे माहीत आहे, म्हणून इथं लपवण्यात अर्थ नाही.

दोन दिवस जंगलात हिंडलो. हत्ती अकरा, जिराफ सात, सिंहिणी तीन. तिघींपैकी एक लंगडत होती. दुसऱ्या दिवशी टायर फुटला आणि चाळीस मिनिटं उतरून उभं राहावं लागलं. वीसेक पावलांवर एक झेब्रा मरून पडला होता. वास येत होता. इतक्या लांब कशाला आलो, असं मला तिथं वाटलं. सुलभा झाडाच्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसली होती. आम्ही दोघं घरातही असेच असतो, फक्त मध्ये टीव्ही चालू असतो.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर लेमायान आम्हाला त्याच्या आत्याच्या वस्तीवर घेऊन गेला. भोवती काट्यांचं कुंपण, कडेनं शेणामातीनं लिंपलेल्या बुटक्या झोपड्या, मधोमध गुरांची मोकळी जागा. आत्याचं नाव नाशिपाई. सत्तरीची बाई, अंगावर लाल शुका (खांद्यावरून पांघरायची चादर). पोरं जवळ येऊन मान खाली घालत आणि मोठ्या माणसानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा. सुलभानं न सांगताच ठेवला.

तेवढ्यात शेळ्या चरून परतल्या. मी सवयीनं बोट दाखवून मोठ्यानं मोजायला लागलो. शेळ्या संपल्यावर पोरांवर आलो. चौथ्या पोरावर बोट असताना नाशिपाईनं येऊन ते बोट धरलं आणि माझ्याच मुठीत मिटवलं. 

"काहून मोजून राहिले तुम्ही?" सुलभा हळूच म्हणाली. "आवडून नाई राहिलं तिले."

लेमायान ओशाळला. "सांगायला हवं होतं मी. आमच्यात जित्या माणसांची, जनावरांची गिनती करत नाहीत. केली की कमी होतात म्हणतात."

मी माफी मागितली. पण राहवलं नाही. विचारलं, "मग एखादी शेळी कमी आली तर कळतं कसं?"

नाशिपाई फाटकाकडं बघतच होती. तांबडी, कान फाटलेली अजून आली नाही, असं ती म्हणाली, आणि तिला आणायला नातीला पाठवलं. मग माझ्याकडं वळून काहीतरी बोलली. वस्तीतल्या बायका हसल्या.

"विचारते आहे," लेमायान म्हणाला, "तुम्ही घरची माणसं आकड्यावरून ओळखता का?"

सुलभाही हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग दोघी दगडावर बसल्या. नाशिपाईनं आपल्या मुलांची नावं सांगितली, एकेक, सावकाश. तुझी सांग, असं लेमायानकरवी म्हणाली.

"अश्विनी," सुलभा म्हणाली. "अन् नितीन."

"अश्विनी कुठं असते?" नाशिपाईनं विचारलं.

सुलभानं माझ्याकडं पाहिलं. "सांगा आता."

"भिलाईला," मी म्हणालो.

"तुमच्या घरापासून किती?" लेमायाननं विचारलं.

"तीस किलोमीटर."

त्यानं ते तिला सांगितलं. ती मान डोलावून म्हणाली, "मग बरंय. बोलावलं की येत असेल." यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला खाली बघावं लागलं.

परतीच्या विमानात मी सुलभाला विचारलं, "रविवारी जायचं का?" ती "हव" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी गाडी काढली. भिलाईत शिरल्यावर पत्ता विचारायला थांबत होतो, तर सुलभा म्हणाली, "विचारू नका. डावीकडे घ्या. पाण्याच्या टाकीमागं तिसरं घर." मी घेतलं.  दर महिन्याला ती अभनपूरला बहिणीकडं म्हणून जायची, ते कुठं जायची हे तेव्हा समजलं.

दार चार वर्षांच्या एका पोट्टीनं उघडलं. नाक थेट माझ्या आईचं. "मम्मी, नानी आ गई," ती आत ओरडली आणि सुलभाच्या कमरेला बिलगली. मग माझ्याकडं बोट करून तिनं सुलभाला विचारलं, "नानी, ये कौन हैं?"

सुलभा माझ्यासाठी उत्तर देईल असं वाटलं होतं. तिनं दिलं नाही. आतून पावलं येत होती. मी पायरीवर उभा होतो आणि त्या पोरीचं नाव मला माहीत नव्हतं.