फाटकावरच्या काकांचा हात

रामटेकेकाकांचा जयभीम नुसता ऐकू यायचा नाही, लांबून दिसायचासुद्धा. वरठीच्या रेल्वे फाटकावर उभा जन्म झेंडी दाखवलेला माणूस. उजवा हात खांद्यातून सरळ वर जायचा आणि समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय खाली यायचा नाही. "झेंडी अर्धीच दाखवली तं डायवर काय समजन, सांग बरं?" असं वर विचारायचे.

काका माझ्या वडिलांचे दोस्त. आसगावहून मला शिकायला त्यांनीच आपल्या घरी आणून ठेवलं, चार वर्षं स्वतःच्या पोरासारखं जेवू घातलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

मी भंडाऱ्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. त्यासाठी जागा शोधताना आमचं आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्या अचानक 'कालच गेल्या' व्हायच्या. म्हणून एका घरमालकानं आडनाव विचारलं तेव्हा मी बेधडक 'आसगावकर' सांगून मोकळा झालो. खोली मिळाली.

मग मी ते नवं मशीन आणलं. हातात काही धरायचं नाही, बटणं दाबायची नाहीत. टीव्हीवरचा कॅमेरा तुम्हाला बघतो आणि तुम्ही हलाल तसा पडद्यावरचा माणूस हलतो. पाच वर्षांत बटणं दाबणारा शोधून सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत सुटलो होतो.

काका दर रविवारी सायकलनं यायचे आणि बॉलिंग खेळायचे. मोठा झकास चेंडू टाकायचे! पण दारातून कोणी आलं की हात वर, "जयभीम, बाप्पा!" हात वर गेला की मशीनला वाटायचं खेळ थांबवायचाय. पोरं खो-खो हसायची, काकाही हसायचे. "नाही चालाचं गा हे तुयं मशीन. हात मोकळा असला तं माणूस माणसाले पाहून उचलनच ना? याले वाटते, सारे हात याच्याचसाठी हायेत."

एका रविवारी घरमालक नातवांना घेऊन आला. काकांचा हात वर गेला. "जयभीम, मालक!"

मालक दारातच थबकला. आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण आहेत हे?"

"गिऱ्हाईक आहेत," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होतं. पण नाही! "ओ बाबा," मी काकांना म्हणालो, "इथे जयभीम नका करू. गेम बंद पडतो."

काकांचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. "चुकलं, साहेब," ते म्हणाले, "मले मालूम नव्हतं." माझं खोटं त्यांनी असं सांभाळून घेतलं. मग चपला घालून ते सायकल काढून निघून गेले, आणि मी मालकाच्या नातवांना खेळ लावून दिला.

काका रुसून बसले असते तर बरं झालं असतं. ते येतच राहिले. पण कोपऱ्यात उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे धरून. खेळा म्हटलं तर म्हणायचे, "नको गा. हाताले सवय हाये. तुया धंदा बुडन." त्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागायचं. तरी मी एकदाही त्यांची माफी मागितली नाही. मालक ऐकेल, ही भीती.

मशीन काही चाललं नाही. पोरं पुन्हा बटणांकडे वळली. तुमचंच खरं झालं, हे सांगायला वरठीला जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि गेल्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांच्या अंगणात माणसं एकमेकांना हळू आवाजात जयभीम करत होती. मी काकांसमोर उभा राहिलो आणि हात सरळ वर केला. किती वेळ तसाच धरला, कोण जाणे. शेवटी त्यांच्या मुलानं येऊन तो खाली घेतला.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. हात वर केल्यानं गेम बंद पडत नसे. नुसता थांबायचा, आणि हात हलवला की दोन सेकंदांत पुन्हा सुरू व्हायचा. मला ते त्या दिवशीही माहीत होतं. काकांनाही.